आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी: फाइलसिस्टिम कोसळते तेव्हा डिस्क कंट्रोलर कसा पकडायचा

सर्व्हरवर काहीच सेव्ह होईना, फाइलसिस्टिम (डिस्कवरच्या फाइलींचा हिशेब ठेवणारी व्यवस्था) रीड-ओन्ली झाली, म्हणजे नुसतं वाचू देते, लिहू देत नाही, की बहुतेकांचा हात आधी एफएसचेककडे जातो. तो हात आवरा. एफएसचेक हे दुरुस्तीचं साधन आहे, आणि दुरुस्ती म्हणजे डिस्कवर लिहिणं. ज्या वाटेनं लिहायचं ती वाटच खराब असेल, म्हणजे कंट्रोलर (संगणक आणि डिस्क यांच्यामधलं कार्ड किंवा चिप), केबल किंवा बॅकप्लेन (डिस्क जिच्यात खोचतात ती पाटी) यांच्यापैकी कुणी गोंधळ घालत असेल, तर एफएसचेक आधी चुकीचं वाचणार, त्या वाचनाच्या भरवशावर धडधाकट आयनोडला, म्हणजे फाइलच्या नोंदीला, खराब ठरवणार आणि पुसून टाकणार. वर ‘-वाय’ (सगळ्या प्रश्नांना हो) दिलेला असेल तर विचारणारसुद्धा नाही. फाइलसिस्टिम ही तक्रार करणारी आहे. ती ओरडते म्हणून तिलाच आरोपी करू नका.

मी सांगली-कोल्हापूरकडच्या छोट्या संस्थांचे सर्व्हर बघते: पतसंस्था, दवाखाने, एक सूतगिरणी. इथे डेटा सेंटर वगैरे नसतं. लेखापालाच्या टेबलामागे एक खोली, कोपऱ्यात यूपीएस, त्यावर उदबत्तीचा स्टँड आणि शेजारी टॉवर कॅबिनेट. त्यामुळे पुढचं सगळं अशा यंत्रांसाठी आहे: लिनक्स, ईएक्सटी४ किंवा एक्सएफएस फाइलसिस्टिम, चार ते आठ डिस्क, आणि हार्डवेअर रेड कार्ड (अनेक डिस्क बांधून एकच असल्यासारखी दाखवणारं) किंवा साधं एचबीए (डिस्क नुसत्या जोडून देणारं कार्ड). कमांडची नावं उच्चाराप्रमाणे लिहिली आहेत. मॅन पेज, म्हणजे कमांडचं माहितीपान, उघडून बघा, मगच टाइप करा.

रीबूटच्या आधी

रीबूट करू नका. ‘एकदा बंद-चालू करून बघा’ हा सल्ला देणारे ऑफिसात चार जण उभे असतील, त्यांना चहाला पाठवा. कर्नलचे, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याचे, मेसेज मेमरीत असतात. एरवी ते लॉग फाइलमध्ये उतरतात, पण ज्या डिस्कवर लॉग लिहायचा तीच रीड-ओन्ली झाली असेल तर सगळ्यांत महत्त्वाच्या ओळी कुठेच उतरलेल्या नसतात. मशीन बंद केलं की पुरावा गेला. म्हणून लॅपटॉपवरून एसएसएच (नेटवर्कवरून लॉगिन) करून ‘डीमेसेज -टी’चं (कॅपिटल टी) आउटपुट थेट लॅपटॉपवरच्या फाइलमध्ये घ्या. लॉगिनच होत नसेल तर मॉनिटरचा फोटो काढा. धूसर फोटोसुद्धा काहीच नसण्यापेक्षा बरा.

मग डेटाबेस, शेअर, रात्रीचा बॅकअपचा क्रॉन (ठरल्या वेळी आपोआप चालणारं काम), सगळं थांबवा. बॅकअप थांबवणं खास महत्त्वाचं. बिघडलेल्या कंट्रोलरमधून वाचलेला डेटा चांगल्या बॅकअपवर चढला तर दोन्हीकडून गेलात.

हार्डवेअर रेड कार्ड असेल तर त्याचा स्वतःचा लॉग असतो, आणि तो कोणी बघत नाही. स्टॉरसीएलआय (रेड कार्डाशी बोलणारी कमांड) किंवा त्याच्या भावंडांपैकी जे तुमच्या कार्डाला चालतं ते वापरून ‘शो इव्हेंट्स’ आणि ‘शो टर्मलॉग’ काढा. इव्हेंट लॉग सहसा टिकतो, टर्मलॉग वीज गेल्यावर टिकेलच असं नाही. त्याच बैठकीत बॅटरीची अवस्था आणि प्रिझर्व्ह्ड कॅशेही बघा. कार्डाच्या कॅशेमध्ये डिस्कवर न उतरलेला डेटा अडकलेला असू शकतो. कार्ड बूटच्या वेळी ‘डिस्कार्ड करू का’ विचारतं, आणि घाईत लोक हो म्हणतात. डिस्कार्ड म्हणजे तेवढ्या नोंदी कायमच्या गेल्या.

मेसेज खालून वर वाचा

लोक शेवटची ओळ वाचतात. शेवटची ओळ बहुतेक वेळा ‘रीमाउंटिंग फाइलसिस्टिम रीड-ओन्ली’ असते, किंवा ‘अबॉर्टिंग जर्नल’ (जर्नल म्हणजे करायच्या बदलांची फाइलसिस्टिमने आधी लिहिलेली वही). एक्सएफएस असेल तर ‘शटिंग डाउन फाइलसिस्टिम’. हा सगळा परिणाम झाला. कारण त्याच्या वर असतं, कधी अर्धा मिनिट आधी, कधी जास्त. कर्नलच्या स्कझी थरात (डिस्कला हुकूम देणारा भाग) एका कमांडला साधारण ३० सेकंदांची मुदत असते. ती संपली की अबॉर्ट, मग डिव्हाइस रिसेट, मग कंट्रोलर रिसेट, आणि एवढं होऊनही जमलं नाही की आय/ओ एरर वर फाइलसिस्टिमकडे जाते. म्हणून पहिली वेडीवाकडी ओळ सापडेपर्यंत वर सरकत राहा.

आता तीन चेहरे ओळखायचे.

एकाच डिस्कचं नाव, पुन्हापुन्हा तोच किंवा शेजारचा सेक्टर, सोबत ‘मीडियम एरर’ किंवा ‘अनरिकव्हर्ड रीड एरर’: ही डिस्कच गेली. स्मार्टसीटीएलमध्ये (डिस्कने स्वतःच्या तब्येतीची ठेवलेली ‘स्मार्ट’ नोंद दाखवणारी कमांड) ५, १९७ आणि १९८ हे आकडे बघा, म्हणजे बदललेले सेक्टर, प्रलंबित सेक्टर आणि न सुधारणारे सेक्टर. ते शून्य नसतील आणि वाढत असतील तर पुढचं वाचायची गरज नाही, डिस्क बदला. डिस्क रेड कार्डामागे लपलेल्या असतील तर ‘-डी मेगारेड,’ आणि त्यापुढे डिस्कचा क्रमांक द्यावा लागतो, नाहीतर स्मार्टसीटीएलला फक्त कार्डाचा मुखवटा दिसतो.

‘हार्ड रिसेटिंग लिंक’, ‘इंटरफेस फेटल एरर’, आणि स्मार्टमध्ये १९९ हा सीआरसीचा (वाटेत बिघडलेल्या डेटाचा) आकडा वाढतोय: डिस्क आणि कंट्रोलर यांच्यामधली वाट खराब. साटा केबल, कनेक्टर, बॅकप्लेन. हा आकडा कधी शून्यावर येत नाही, त्यामुळे जुना आकडा बघून घाबरू नका. आज लिहून ठेवा, उद्या वाढलाय का बघा.

एकाच सेकंदात दोन-तीन डिस्कची नावं, एकमेकांशी संबंध नसलेले सेक्टर, मध्येच ‘फॉल्ट स्टेट’ किंवा ‘डायग रिसेट’ किंवा ‘रिसेटिंग अ‍ॅडाप्टर’, आणि रिसेटनंतर सगळ्या डिस्क शहाण्यासारख्या परत हजर: इथे संशय कंट्रोलरवर. कंट्रोलर नसेल तर सगळ्यांना सामाईक असलेलं दुसरं काहीतरी. चार डिस्कना मिळून एकच एसएएस केबल असते, तेव्हा नेमक्या त्याच चार गळाल्या तर आधी केबल. पॉवर सप्लाय लोड येताच मान टाकत असेल तरी चित्र असंच दिसतं. पण एकाच क्षणी तीन चांगल्या डिस्क खरोखर मेल्या, हे मी शेवटचं मानते.

एक फसवी जागाही सांगून ठेवते. डेस्कटॉपच्या स्वस्त डिस्क रेडमध्ये घातल्या असतील तर खराब सेक्टर वाचण्यासाठी ती डिस्क मिनिटभरसुद्धा झगडत बसू शकते. तेवढ्यात कंट्रोलरची मुदत संपते आणि तो डिस्कला मेलेली समजून बाहेर काढतो. स्मार्टसीटीएलच्या ‘एससीटीईआरसी’ पर्यायाला ७०,७० दिलं तर डिस्क ७ सेकंदांत हार मानते. पुष्कळ डिस्क हे बंद-चालू केल्यावर विसरतात, म्हणून बूट स्क्रिप्टमध्ये टाका. काही डिस्कना ही सोयच नसते. मग उलट करा, कर्नलची मुदत वाढवा.

सूतगिरणीतलं प्रकरण

गेल्या उन्हाळ्यात स्टोअरकीपरचा फोन: “मॅडम, गाठी चढत नाहीयेत. चार वाजले की हे असंच होतंय.” गाठी म्हणजे कापसाच्या, त्यांचा लॉट आणि वजन सर्व्हरवर चढतं. चार डिस्कचं रेड १० (डिस्कच्या जोड्या, जोडीतली एक दुसरीची प्रत), वर ईएक्सटी४. हार्डवेअर पुरवठादाराच्या माणसाने एक डिस्क बदलली होती. आठवड्याने वेगळ्याच खणातली डिस्क लाल झाली, तीही बदलली. “डिस्कचा लॉटच खराब आलाय मॅडम,” असं त्याचं ठाम मत. चोर सोडून संन्याशाला फाशी चालू होती.

काढलेल्या दोन्ही डिस्क त्याने टेबलावर ठेवल्या होत्या. मी त्या घरी नेऊन दुसऱ्या मशीनला लावल्या आणि लांबलचक सेल्फ-टेस्ट लावली. दोन्ही पास, ५ आणि १९७ शून्य. दरवेळी खण वेगळा, डिस्क चांगली आणि वेळ मात्र ठरलेली. एवढ्यावर डिस्कचा विषय माझ्यापुरता मिटला होता.

वेळेचं कोडं तिथे उभं राहूनच सुटलं. दुपारी जेवणाच्या सुट्टीत सर्व्हरच्या खोलीचा एसी बंद व्हायचा, वीज वाचवायला. चारला पाळी बदलते, दोन्ही पाळ्यांची हजेरी आणि गाठींच्या नोंदी एकदम येतात. कार्डाच्या माहितीत ‘आरओसी टेम्परेचर’ म्हणून ओळ असते, रेडचं गणित करणाऱ्या चिपचं तापमान. सकाळी तो आकडा साठीत होता, पावणेचारला नव्वदीच्या पुढे. कार्डाच्या इव्हेंट लॉगमध्ये कंट्रोलर रिसेट, आणि त्यानंतर मिनिटाभरात कर्नलच्या लॉगमध्ये ईएक्सटी४ची बोंब. रिसेटमधून परत यायला जी डिस्क रेंगाळेल तिच्यावर लाल दिवा.

मशीन बंद करून कॅबिनेट उघडलं. कार्डाच्या हीटसिंकवर (चिपची उष्णता बाहेर टाकणारा पात्यांचा धातूचा ठोकळा) कापसाचा तूस बसून इतका घट्ट झाला होता की नखाने उचलल्यावर वाकळीसारखा एका तुकड्यात निघाला. खालच्या बाजूला पात्यांच्या रेघा उमटलेल्या. गिरणीच्या हवेत हा तूस असतोच, खिडकी बंद असली तरी येतो. त्यात ही कार्डं बनतात रॅक सर्व्हरसाठी, जिथे पंख्यांची भिंत समोरून सतत वारा मारते. टॉवरमध्ये तळाच्या स्लॉटला वारा जवळजवळ नसतो. ब्लोअरने साफ केलं, कॅबिनेटचं दार काढून समोर टेबल फॅन लावला आणि चार वाजायची वाट बघितली. आकडा सत्तरीत, लॉग शांत. पंखा बंद केल्यावर तासाभरात आकडा पुन्हा चढायला लागला. फॅनच्या या दोन्ही बाजू बघितल्याशिवाय मी निदान पक्कं धरत नाही.

तरी कार्ड बदललंच. महिनोन्महिने भाजलेल्या चिपवर मी कुणाचे पगार ठेवत नाही. नव्या कार्डाच्या हीटसिंकवर ४० मिलिमीटरचा छोटा पंखा बसवला, आणि तापमानाचा आकडा दर पाच मिनिटांनी नोंदवणारा क्रॉन लावला. एसीच्या बटणावर चिकटपट्टी लावली ती वेगळी.

उष्णता नसेल तर

सगळेच कंट्रोलर असे सरळ पकडले जात नाहीत. मग पुरावा गोळा करावा लागतो.

एचबीए किंवा मदरबोर्डवरचे साटा पोर्ट असतील तर अदलाबदल करा. ‘बाय-आयडी’ फोल्डरमध्ये डिस्कची ओळख दिसते, ‘बाय-पाथ’मध्ये ती कुठल्या पोर्टाला लागली आहे ते. दोन्हीची यादी आधी कागदावर घ्या, कारण एसडीए-एसडीबी ही नावं बूटगणिक बदलू शकतात. मशीन बंद करून दोन डिस्कचे पोर्ट बदला. एरर डिस्कबरोबर गेली तर डिस्क दोषी, पोर्टवरच राहिली तर पोर्ट किंवा केबल. नुसती केबल बदलून तिसरी फेरी करा. हार्डवेअर रेडमध्ये हा खेळ बॅकअप हातात असल्याशिवाय करू नका. कार्डं सहसा डिस्कवरच्या खुणेवरून तिला ओळखतात, पण ‘सहसा’वर दुसऱ्याचा डेटा टांगायचा नसतो.

दुसरी चाचणी मला सगळ्यांत आवडते, कारण ती मुका गुन्हेगार पकडते. फाइलसिस्टिम अनमाउंट करा, डिव्हाइस ‘ब्लॉकडेव्ह’ने रीड-ओन्ली करा, आणि डीडीने (डिस्क जशीच्या तशी वाचणारी कमांड) सुरुवातीचे १० जीबी ‘डायरेक्ट’ फ्लॅग लावून वाचत ‘एसएचए२५६सम’कडे पाठवा. ती वाचलेल्या डेटाची बेरीज, म्हणजे चेकसम, काढते. पुन्हा तेच करा, आणि पुन्हा. कोणी लिहीत नाहीये, म्हणजे बेरीज दरवेळी तीच यायला हवी. एकही एरर न येता बेरीज बदलली तर वाटेत कोणीतरी खोटं बोलतंय. ‘डायरेक्ट’ विसरलात तर दुसऱ्यांदा वाचन मेमरीतल्या कॅशेमधूनच होईल आणि कंट्रोलर साळसूद ठरेल. बेरीज बदलली तरी लगेच कार्डावर झडप घालू नका. रात्रभर मेमटेस्ट चालवून रॅमला आधी निर्दोष सोडा.

‘एलएसपीसीआय’ (मदरबोर्डवर लागलेल्या कार्डांची यादी) तीन व्ही लावून चालवा. कार्डाची क्षमता आठ लेनची (लेन म्हणजे कार्ड आणि मदरबोर्डमधली डेटाची वाट) आणि प्रत्यक्षात लिंक चारची किंवा एकाची दिसत असेल तर कार्ड स्लॉटमध्ये नीट बसलेलं नाही, किंवा त्याच्या सोनेरी दातांवर काजळी आहे. कधी स्लॉटच चार लेनचा असतो, तेही बघा. डीमेसेजमध्ये ‘एईआर’च्या (या लिंकवरच्या चुकांच्या) ओळी, ‘बॅड टीएलपी’ वगैरे, धो-धो येत असतील तर त्याच दिशेने जा. झेडएफएस वापरणारे नशीबवान, ती फाइलसिस्टिम डेटाचीही बेरीज ठेवते. ‘झेडपूल स्टेटस’मध्ये चेकसमचा रकाना अनेक डिस्कवर एकदम वाढताना दिसला की सामाईक वाट तपासायची. ईएक्सटी४ला तुमच्या फाइलमधल्या मजकुराची बेरीज ठेवायची सवयच नाही.

कंट्रोलरवर शंका घेतली की समोरचा हसतो, म्हणून दोन जुन्या गोष्टी खिशात ठेवते. ३१ जानेवारी २०११ला इंटेलने स्वतःच जाहीर केलं की त्यांच्या ६ मालिकेच्या चिपसेटमधले ३ गिगाबिटचे साटा पोर्ट काळाच्या ओघात खराब होऊ शकतात. एका ट्रान्झिस्टरला गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज मिळत होतं. त्याच चिपवरचे ६ गिगाबिटचे दोन पोर्ट ठणठणीत होते, म्हणजे डिस्क फक्त शेजारच्या पोर्टला हलवली की ‘बरी’ व्हायची. दुसरी सर्नची, म्हणजे जिनिव्हाजवळच्या भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेची: २००७ साली तिथे हजारो मशीनवर डेटा तपासला, तेव्हा गुपचूप बिघडलेल्या ब्लॉकांमध्ये ६४ केबीच्या तुकड्यांचा मोठा वाटा निघाला, आणि माग लागला तो रेड कंट्रोलर आणि डिस्कच्या फर्मवेअरचं (आतल्या सॉफ्टवेअरचं) आपसात न जमण्यापर्यंत. म्हणून नवीन कार्ड लावण्याआधी त्याच्या उत्पादकाची डिस्क-फर्मवेअरची यादी बघा. कंटाळवाणं काम आहे, पण करा.

दोषी सापडला, आता डेटा

हार्डवेअर रेडमध्ये नवं कार्ड शक्यतो त्याच घराण्यातलं घ्या. रचना डिस्कवर लिहिलेली असते. नवं कार्ड ती बघून ‘फॉरेन कॉन्फिगरेशन’ म्हणेल. उत्तर ‘इम्पोर्ट’. ‘क्लिअर’ नाही आणि ‘इनिशियलाइझ’ तर अजिबात नाही. सॉफ्टवेअर रेड असेल तर ‘एमडीअ‍ॅडम’च्या (सॉफ्टवेअर रेडची कमांड) ‘एक्झॅमिन’ने प्रत्येक डिस्कचा इव्हेंट काउंट (रेडमधल्या बदलांचा मोजणी-आकडा) लिहून घ्या. आकडे जवळपास असतील तर ‘असेम्बल’ला ‘फोर्स’ देऊन जमतं. ‘क्रिएट’ने पुन्हा रेड बांधून बघू, असं कोणी म्हटलं तर कीबोर्ड काढून घ्या.

मग चांगल्या कार्डावरून पूर्ण व्हॉल्यूमची प्रत. डीडीरेस्क्यू (खराब जागा टाळत प्रत काढणारी कमांड) वापरा आणि मॅपफाइल (कुठवर वाचलं त्याची नोंद) न विसरता द्या, म्हणजे मध्ये थांबलं तर पुढून सुरू होईल. जागा नाही ही सबब चालणार नाही. एक मोठी डिस्क विकत आणा, ती पुढे बॅकअपला कामी येते.

पुढचं सगळं प्रतीवर. इथे एक बारकावा: ईएक्सटी४ ‘आरओ’ने (रीड-ओन्ली) माउंट केलं, म्हणजे वापरायला जोडलं, तरी जर्नल खेळवलं जातं, वहीतले अर्धवट बदल डिस्कवर उतरवले जातात, म्हणजे लिहिलं जातंच. खरंच हात न लावता बघायचं असेल तर ‘आरओ’सोबत ‘नोलोड’ द्या, एक्सएफएसला ‘नोरिकव्हरी’. ‘ई२एफएसचेक -एन’ (ईएक्सटी४चा एफएसचेक, नुसता बघण्यासाठी) चालवल्यावर एररची रांग लागली तरी घाबरू नका. ‘-एन’मध्ये जर्नल खेळवलं जात नाही, त्यामुळे त्यातल्या पुष्कळ एरर जर्नल लागू झालं की आपोआप जातात. म्हणून आधी प्रतीची अजून एक प्रत ठेवून माउंट करा, जर्नल लागू द्या, अनमाउंट करा, आणि मग एफएसचेक. सुपरब्लॉकच (फाइलसिस्टिमची मुख्य माहिती असलेला ब्लॉक) वाचता येत नसेल तर ४ केबी ब्लॉकच्या फाइलसिस्टिममध्ये राखीव प्रत सहसा ३२७६८ला असते, ती ‘-बी’ने द्या. एक्सएफएस रिपेअरचा ‘-एल’ (कॅपिटल एल) लॉग, म्हणजे एक्सएफएसचं जर्नल, फेकून देतो. तो अगदी शेवटचा उपाय, माउंट होतच नाही असं सिद्ध झाल्यावर.

काम झालं की ‘लॉस्ट+फाउंड’ उघडा. तिथे नावं हरवलेल्या फाइली नुसत्या आकड्यांच्या नावाने पडलेल्या असतात. ‘फाइल’ कमांडने कुठली एक्सेल, कुठली डेटाबेसची ते कळतं.

आणि एफएसचेकने ‘क्लीन’ म्हटलं म्हणजे आतला मजकूर बरोबर आहे असं नाही. त्याने फक्त सांगाडा बघितला. पोस्टग्रेस असेल तर ‘पीजी_एएमचेक’ चालवा, मायएसक्यूएल असेल तर ‘चेक टेबल’. त्यानंतरही एक तपासणी उरते आणि ती संगणकाला जमत नाही. गिरणीत पहिल्या कंट्रोलर रिसेटच्या तारखेपासूनच्या सगळ्या गाठींच्या नोंदी आम्ही वजनकाट्याच्या पावत्यांशी आणि स्टोअरकीपरच्या वहीशी पडताळल्या. तो वाचत होता, मी स्क्रीनवर खूण करत होते. बहुतेक जुळल्या. ज्या जुळल्या नाहीत त्या सगळ्या चार ते साडेचारमधल्या होत्या, आणि त्याने त्या वहीवरून पुन्हा चढवल्या.